निवडून पाठवलेली पानं

हडपसर, पुणे
रविवार, २२ सप्टेंबर २०१३

प्रिय दादा,

नमस्कार. आईला आणि वहिनीला सांग की मी बरी आहे, वेळेवर जेवते आणि वाळलेली नाही. पत्र बघून घाबरू नकोस. फोन असताना हिला पत्राचं काय सुचलं, असं तू म्हणशीलच. पण फोनवर मी काही सांगायला गेले की तू "जेवली का?" विचारतोस, मी "जेवले" म्हणते आणि बाकीचं तसंच राहून जातं. पत्रात तुला मध्ये बोलता येणार नाही.

इथले गणपती गेले एकदाचे. ढोलांनी डोकं उठवलं होतं. आमच्या घरमालकीण तुळजाबाई, ज्यांच्या शेतात आता काचेच्या इमारती उभ्या आहेत, त्या काल जिन्यात गाठून म्हणाल्या, "रातभर लाईट चालू ठिवतीस, बिल भरायची लईच हौस हाय वाटतं." मला झोप लागत नाही हे त्यांच्या लक्षात आलंय. काळजी करायची त्यांची हीच रीत. पिठलं-भाकरीचं ताट देऊन गेल्या आणि ताट घासून आण म्हणाल्या.

पोळ्याला आपल्या दारात कोण कोण आलं, हे मी तुला मुद्दाम विचारलं नाही. वहिनीनं सांगितलं. तिनं आरतीचं ताट घेऊन वाट बघितली आणि उत्तरेश्वरकाका आपली जोडी घेऊन दारावरून सरळ पुढे गेले. काकांच्या बैलांना आपल्या दारात पुरणपोळी मिळाली नाही, असं मला आठवत नाही. आणि सुंदराबाई, जिची धानाची एकुलती एक बांधी, तेवढंच काय ते शेत, आपल्या धुऱ्याला बांधाला बांध लागून आहे, ती विहिरीवर वहिनीशी बोलत नाही. "नागोरावनं रोगट पऱ्हे वाटले, ती धानाची रोपं लावून आमचं शेत गेलं," असं गाव तुला म्हणतंय. तू खाली मान घालून ऐकून घेतोस म्हणे.

दादा, तू ऐकून घेऊ नकोस. हेच सांगायला बसले आहे आणि दोन परिच्छेद झाले तरी बैल नि ढोलच चाललेत.

जुलैत तुझा फोन आला होता. पऱ्ह्यांच्या एका कोपऱ्यात पानं पिवळी-नारिंगी पडतायत, युरिया कमी पडला असेल, पण तुझ्या त्या मशीनवर एकदा बघ, असं तू म्हणालास. मी ऐटीत सांगितलं, पाठव, तासाभरात सांगते. आमचं काम तुला माहीत आहे. पान कुटायचं, त्याचा रस छोट्या नळीतल्या औषधात टाकायचा, नळी गरम पाण्यात ठेवायची. धानाला विषाणू लागला असेल तर नळीतलं गुलाबी पाणी पिवळं होतं, नसेल तर गुलाबी राहतं. पूर्वी याला आठवडे लागायचे, म्हणून आमच्या कंपनीचा एवढा बोलबाला.

तुझं पाकीट कुरिअरनं आलं त्या दिवशी आमच्याकडे पाहुणे होते. बँकेचे लोक, कृषी खात्यातले दोघे आणि आमचे मालक श्रीनिवाससर. सर म्हणाले, हिच्या गावची पानं आलीत, आता तुमच्या डोळ्यांसमोर तपासू. मी सगळ्यांसमोर पाकीट उघडलं. ओल्या फडक्यात गुंडाळलेली, धुतलेली, दोऱ्यानं जुडी बांधलेली पानं. सगळी हिरवीगार. एकही पिवळं नाही.

तिथंच माझा हात थांबला. खोटं सांगत नाही, थांबला. नव्या मुलांना मीच शिकवते की आजारी दिसतं तेच पान आधी घ्या, चांगल्या पानावर तपासणी म्हणजे धडधाकट माणसाचं रक्त तपासून शेजारच्या खाटेवरच्याला घरी सोडणं. तुला एक फोन करायला हवा होता, की दादा, पिवळी कुठायत? पण सगळे नळीकडे बघत होते आणि माझ्या गावाचं नाव निघालं होतं. मला मिरवायचं होतं. पाणी गुलाबीच राहिलं. टाळ्या वाजल्या. मी व्हरांड्यात येऊन तुला सांगितलं, "निर्धास्त रोवणी कर, पुण्याची तपासणी आहे."

आपल्याकडे उरलेले पऱ्हे कोणी विकत नाही, ज्याला कमी पडतील त्याला नेऊ देतात. यंदा तर तू पुण्याहून तपासून घेतले म्हटल्यावर लोक मुद्दाम मागायला आले. काकांनी स्वतःचे पऱ्हे तसेच ठेवून आपले नेले. सुंदराबाईनं तर अख्खी बांधी आपल्याच पऱ्ह्यांनी रोवली. रोग तुझ्या हातानं गेला खरा, पण माझ्या शब्दावर गेला.

ऑगस्टमध्ये धान खुजं राहिलं, पिवळं पडलं, तेव्हा मी तुला विचारलं की कोणती पानं पाठवली होतीस. तू काय म्हणालास ते माझ्या कानातून जात नाही. "चांगली पाहून पाहून तोडली ना. बहिनीच्या घरी पिवळे पानं पाठवते का कोनी?"

मला रडूही आलं आणि तुझा रागही आला. कशाचा राग? सीताफळं पाठवतोस तेव्हाही डागाळलेलं एक नसतं. मी तुझी बहीण, मला हे ठाऊक असायला हवं होतं, आणि होतं.

आता राहिलेलं सांगते. ऑफिसात विचारणा झाली तेव्हा मी म्हणाले, शेतकऱ्यानं नमुना चुकीचा घेतला. शेतकरी! तुझं नावसुद्धा घेतलं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि गेल्या रविवारी तू फोनवर म्हणालास, "श्रद्धा, माझ्यापायी तुझ्या मशीनचं नाव खराब झालं, मला माफ कर." मी काय म्हणाले आठवतं? "असू दे दादा, होतं असं." मी तुला माफ करून टाकलं. फोन ठेवला आणि स्वतःची इतकी किळस आली की काय सांगू.

गुरुवारी सरांना खरं काय ते सांगितलं. पाहुण्यांसमोर मीच घाई केली, पानं पिवळी पडल्याचं आधी कानावर आलेलं असून.  ते म्हणाले, "गावातल्या सगळ्यांना आता तुम्हीच कळवा." नोकरीचं अजून काही बोलले नाहीत. बोलतील.

शनिवारी महाराष्ट्र एक्सप्रेसनं निघते आहे. तपासणीचं सामान बरोबर आणते. आपली, काकांची, सुंदराबाईची, ज्यांनी ज्यांनी पऱ्हे नेले त्यांची प्रत्येक बांधी मी स्वतः फिरेन आणि पिवळी पानं स्वतः तोडेन. तोवर खुजी बुडं उपटून खड्ड्यात पुरा, बांधावर टाकू नका, तुडतुडे तिथूनच पुढे रोग नेतात. यंदाचं गेलं ते मला भरून देता येणार नाही. जे अजून हिरवं आहे, तेवढं राहावं म्हणून येते आहे.

हे पत्र काकांच्या ओसरीवर, सुंदराबाईला बोलावून, मोठ्यानं वाच, असं लिहिणार होते. पण मी तुला ओळखते. तू हे एकट्यानं वाचशील, घडी घालून ट्रंकेत तळाशी टाकशील आणि गावाला सांगशील की चूक आपलीच. बहिणीची अब्रू म्हणून.

म्हणून हेच सगळं लिहून उत्तरेश्वरकाकांना शुक्रवारीच टाकलं. तुझं उद्या टाकते. हे तुझ्या हातात पडेल तेव्हा काकांनी सगळ्यांना वाचून दाखवलेलं असेल. आता तुला लपवायला काही उरलेलं नाही.

तू मागितलेली माफी माझी नव्हती. ती मी ठेवून घेतली, ती परत पाठवते आहे.

श्रद्धा