बाळंतिणीचं पाणी

जळगाव,
तुळशीच्या लग्नाचा दुसरा दिवस

प्रिय रूपा,

फोन सोडून आईनं पत्र का लिहिलं म्हणून घाबरू नकोस. आम्ही दोघं धडधाकट आहोत. तुझे नाना सकाळीच शेजारच्या चुडामणभाऊंशी भांडून आले, म्हणजे बघ. फोनवर मला दोन वाक्यांतच रडू येतं, मग तू ‘आई, काय झालं, आई, काय झालं’ करत बसतेस आणि मूळ गोष्ट राहून जाते. जावईबापूंनी कळवलं की डोहाळजेवण आटोपलं की तुला गाडीत बसवून देतो, तिकीटही काढलंय. तुझ्या त्या येण्याबद्दलच लिहायचंय. पण जरा दमानं लिहू दे.

लग्न झाल्यापासून तू आलीस ती पाहुणीसारखी. दोन रात्री राहायचं, पापडाचा डबा घ्यायचा आणि सुरतेची गाडी पकडायची. त्यात तुझं काही चुकलं असं नाही, नोकरी आहे, संसार आहे. पण पहिलं बाळंतपण माहेरी, हा हक्क माझा होता, आणि त्याच्या भरवशावर मी इतके दिवस गप्प बसले होते. मनात म्हणायचे, जाईल कुठं, येईलच की. तुझी खोली चुन्यानं पांढरी करून घेतली. डिंक आणला, बाळंतशेपा निवडून भरून ठेवल्या, पाळण्याला नवी दोरी ओवली. सुगंधाबाईला तर गणपतीतच सांगून ठेवलं. तुला तान्ही असताना तिनंच पायावर घेऊन न्हाऊ घातलं होतं. आता तिचे गुडघे वाकत नाहीत, तरी म्हणते, रूपाचं लेकरू न्हाऊ घातल्याशिवाय मी काही वर जात नाही. आणि नानांनी काय केलं माहीत आहे? न्हाणी वाढवली. गवंडी लावून वरचा झरोका विटांनी बुजवून टाकला, बाळंतिणीला वारा लागायला नको म्हणून. तांब्याचा जुना बंब माळ्यावरून काढून चिंचेनं स्वतः घासला. ज्या माणसानं जन्मात कधी चहाचा कप विसळला नाही, तो!

त्यांचा सगळा जीव त्या बोअरमध्ये. तुला आठवतं ना, आपल्या वसाहतीत नळाला चार-चार दिवस पाणी नसायचं आणि आपल्या दारात बायकांची रांग लागायची? नाना खाटेवर बसून ‘पानी गोड शे, पी माय, पी’ म्हणायचे, जसं काही जमिनीखाली जाऊन साखर त्यांनीच घातली होती. आणि तुझ्या सुरतेच्या घराच्या वास्तुशांतीला दोन कॅन भरून हेच पाणी घेऊन आले. मुलीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, हा त्यांच्या आबांपासूनचा नेम. तुझ्या सासूबाई पन्ह्याचा पेला पुढं करत होत्या आणि हे आपले कॅनचं बूच उघडून बसले होते. मला तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. तू मात्र खो खो हसलीस, आणि त्यांच्याच कॅनमधलं पाणी मागून प्यायलीस. म्हणालीस, किती दिवसांनी घरचं पाणी मिळालं.

तर दसऱ्यानंतर आपल्या गल्लीत पाणी तपासणारी माणसं आली. वसाहतीमागचा तो यंत्रांचे सुटे भाग बनवायचा कारखाना, बंद पडलेला, तिथं मागे राहिलेली पिंपं गंजून फुटली होती म्हणे. लोखंडावरचं ग्रीस धुवायचं औषध त्यात. ट्रायक्लोरोएथिलीन की काय नाव, नानांच्या जिभेवर ते अजून बसलेलं नाही. ते जमिनीत मुरत मुरत खालच्या पाण्याला लागलंय. आपल्या बोअरमध्ये निघालं. नाना भडकले. वास नाही, रंग नाही, चवीत फरक नाही, मग आहे कुठं ते, दाखवा म्हणाले. त्यांच्यातली शाझिया म्हणून एक मुलगी आहे, धुळ्याची, तुझ्याच वयाची, बोलायला गोड. ती त्यांच्यासमोर खाली बसली आणि म्हणाली, काका, ते दिसलं असतं तर मी कशाला आले असते?

बोअरचं पाणी कशाकशाला वापरता, ते ती घरोघर विचारत होती. नुसतं विष आहे एवढ्यानं भागत नाही म्हणे, ते माणसाच्या अंगात कुठल्या वाटेनं जातं आणि किती जातं, ते पाहावं लागतं. तेव्हाच धोका किती ते कळतं. मी म्हटलं, तुम्ही काळजीच करू नका, आम्ही उकळून घेऊ. आता तर बाळंतपण येणार आहे घरात, उकळलेल्याशिवाय थेंब वापरणार नाही. आणि मग माय व, माझी टकळी सुरू झाली! तुला ठाऊक आहे, तुझा विषय निघाला की मला कुणी थांबवू शकत नाही. तिला न्हाणीत नेलं. सांगितलं, बंब भडभडून पेटवायचा, अंगाला सोसेल तेवढं कढत पाणी, दार लावून घ्यायचं, फटीत फडकं कोंबायचं, आत अशी वाफ कोंडली पाहिजे की सुगंधाबाईला आपला हात दिसू नये. आधी बाळ, मग आई. तास-तासभर. सव्वा महिना. आणि बघ, झरोकासुद्धा बुजवलाय आमच्या मालकांनी. मी मोठ्या तोऱ्यात सांगत होते. तिनं लिहायचं थांबवलं आणि त्या बुजवलेल्या झरोक्याकडे बघत राहिली.

मग तिनं हळूच सांगितलं. मावशी, हे औषध उकळून मरत नाही. उकळलं की ते पाण्यातून निघून हवेत येतं. मी म्हटलं, मग चांगलंच की, गेलं ना. ती म्हणाली, पण गेलं कुठं? न्हाणीतच ना? रूपा, तेव्हा मला कळलं. आपली मिरची डब्यात असते तोवर कुणाला ठसका लागतो का? फोडणीत पडली की शेजारचासुद्धा शिंकतो. तसंच आहे हे. आणि त्या वाफेत मी तुला आणि तुझ्या तान्ह्याला कोंडून ठेवणार होते. मायेनं.

पोटातल्या बाळाच्या हृदयाला ह्यानं काही होतं का, ह्यावर जाणत्या लोकांचंही एकमत नाही, असं तिनं खरं ते सांगितलं. उगीच भिववलं नाही. पण तिला विचारलं, तुझी सख्खी बहीण असती तर? ती म्हणाली, नसती आणली मावशी. तू लहान असताना कारखाना धडधडत होता, तेव्हाही हे पाण्यात होतं का, तेही विचारलं. तेव्हा कुणी तपासलंच नाही, म्हणाली. आता ती प्रत्येक घरी बाळंतिणीच्या न्हाणीचं विचारते. आम्ही पिण्याला जारचं पाणी आणतो, बाकीच्याला नळ येईल तेव्हाचं पुरवतो, बोअरला हात लावत नाही; पण बाळंतिणीच्या न्हाणाला तेवढं पुरायचं नाही. खालचं पाणी साफ कधी होणार, ह्याला कुणाकडे उत्तर नाही.

 बोअरच्या मोटरीचं बटण नानांनी स्वतः काढून टाकलं. तिसऱ्या दिवशी जेवता जेवता उठले, घण घेतला आणि तो झरोका फोडला. घामानं निथळत होते. मी म्हटलं, आता कशाला, आता कोण न्हाणार आहे तिथं? तर म्हणाले, ‘मना पोरले मी काय सांगू?’ आणि विटांच्या त्या ढिगाऱ्यावर बसून राहिले. मग ते सांगायचं काम माझ्याकडे आलं.

म्हणून हे पत्र. रूपा, तू येऊ नकोस. तिकीट रद्द करायला सांग. तुझ्याशिवाय ह्या घरात मला करमत नाही, रोज संध्याकाळी गाडीची शिट्टी ऐकली की तू उतरलीस असं वाटतं, आणि तरीही सांगते, बाळंतपणाला इथं पाऊल टाकायचं नाही. मला तू इथं हवी होतीस, ह्या खोलीत, माझ्या हातचं खात, माझ्यावर चिडचिड करत. ते आता व्हायचं नाही. आम्हीच येतोय. लाडू, पाळण्याची दोरी, भरताची वांगी, सगळं घेऊन. सासूबाईंना सांग, आम्ही कोपऱ्यातल्या खोलीत मावू. नाना काल चपला पॉलिश करता करता म्हणाले, ‘पोरना घरनं पानी पिसू.’ नातवंडाची वाटसुद्धा बघायची नाही म्हणे. ह्या खेपेला कॅन नाहीत. आलो की दारातच त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या तू दे. मी दिला तर ते घ्यायचे नाहीत.

तुझीच,
आई