तोंडात टॉर्च होता

११ फेब्रुवारी

आणलं एकदाचं नवऱ्याला घरी! दोन जिने चढताना मध्येच पायरीवर बसला. मी म्हटलं, "उचलू का?" एरवी म्हणाला असता, "उचल, पण आधी चार महिने व्यायाम कर." आज काहीच नाही. भिंतीकडे बघत बसला.

गोळी खांद्यातून आरपार गेली म्हणून वाचला, असं डॉक्टर म्हणतात. वाचला, हो. पण उजवा हात वर जात नाही.

घरात आल्यावर आधी दाराची कडी लावली. मग वरची. मग खुर्ची ओढून दाराला टेकवली. लोकांची अडकलेली दारं उघडून देणारा माणूस!

१३ फेब्रुवारी

सगळ्यांना सांगून सांगून तोंड दुखलं. इथे एकदा लिहिते आणि सुटते.

निवृत्त शाळामास्तरीण. सगळे त्यांना बाईच म्हणतात. किल्ली आत, दार ओढलं गेलं. याला फोन. जिन्यातला दिवा गेलेला. बाई खाली बसलेल्या, हा वर एकटा. दातात टॉर्च, हातात स्क्रूड्रायव्हर. समोरच्या घरातून कुणीतरी पोलिसांना कळवलं – चोर आहे. ते आले. "हात वर! कोण आहेस?" हा वळला. दातात टॉर्च – बोलणार कसा?

अख्खं आयुष्य तोंडाचा पट्टा चालू. आणि नेमका तेव्हा –

१९ फेब्रुवारी

महापौर येऊन गेले. बरोबर फोटोवाला. "शहर तुमच्या पाठीशी आहे." सोफ्यावर जागा नव्हती, म्हणून शहर उभंच राहिलं.

नणंदेने तोंडावर सुनावलं. "पाठीशी राहून काय करणार? जरा पोलिसांच्या समोर उभे राहा!" महापौरांनी पाणी मागितलं.

हा आतल्या खोलीत. बाहेर आलाच नाही.

२ मार्च

मोर्चा. एवढे लोक येतील असं वाटलं नव्हतं. दुकानं बंद करून आले. अनोळखी बायका माझा हात धरून चालत होत्या. नणंद सगळ्यांत पुढे, घसा बसेपर्यंत ओरडत.

फलकांवर याचा फोटो. नणंदेच्या लग्नातला – डोकं मागे टाकून हसतोय. कुणाच्या तरी फजितीवर हसत होता, नक्की. शंभर हातांत तोच चेहरा. एक फलक मागून घरी आणावा असं वाटलं. मला हा माणूस हवाय!

घरी आले. हा खिडकीचा पडदा ओढून बसलेला. "किती लोक होते माहितीये?" म्हटलं. मान हलवली. बस्स.

१४ मार्च

मदत केंद्रातल्या ताई आल्या. गेल्या वर्षीच्या पोलिसी गोळीबारांनंतर लोकांनी पालिकेच्या मागे लागून लागून हे केंद्र सुरू करायला लावलं, असं त्याच म्हणाल्या. मला वाटलं, आता प्रश्नांची सरबत्ती. याला एक शब्द विचारला नाही त्यांनी! हाताच्या व्यायामासाठी कोण येईल, चौकशीच्या वेळी शेजारी कोण बसेल, एवढं सांगितलं. निघताना दारात मला म्हणाल्या, "तुम्ही जेवता का वेळेवर?"

तिथेच फुटले मी. त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून. शोभेल का ते, असा विचारही केला नाही.

२१ मार्च

केंद्रात गुरुवारी सगळे गोल करून बसतात. ज्यांच्या घरात अशी गोळी शिरली, ते. हा आला नाही. मी गेले.

एका आजींचा नातू गेला. एका वडलांचा मुलगा. माझी पाळी आली तेव्हा जीभच उचलेना. माझा तर आहे! घरी आहे. काय तोंडाने सांगू की मला त्याची आठवण येते?

कप विसळताना आजी शेजारी आल्या. "बोलली नाहीस."

"माझा वाचलाय, आजी."

"हो गं. पण पूर्वीचा आला का घरी?"

नळ चालूच राहिला. आजींनीच बंद केला.

२८ मार्च

शेजारच्या काकू: "हल्ली किती शांत असतं तुमचं घर!" कौतुकाने म्हणाल्या.

९ एप्रिल

मी काम करते त्या चष्म्याच्या दुकानात आज पोलिसाच्या वर्दीतला माणूस आला. नजर तपासायला. मी भिंग बदलत विचारलं, "हे स्पष्ट दिसतंय, की हे?"

"दोन्ही सारखंच," म्हणाला.

डोक्यात तिडीक गेली. भिंग खाली ठेवलं आणि मागच्या खोलीत जाऊन खोकी रचत बसले. मालकांनी पुढचं पाहिलं. नंतर काही विचारलं नाही. भला माणूस.

५ मे

बाई दर रविवारी येतात. बसतात. "माझ्यामुळे झालं," म्हणतात. मी नाही म्हणते. हा आतच असतो.

आज बाहेर आला! त्यांच्यासमोर बसला. म्हणाला, "कुलूप उघडलं होतं, बाई. दार ढकलायचं तेवढं राहिलं."

बाई रडायला लागल्या. मी पण. हा मात्र शांत. काम पुरं केलं होतं, एवढंच त्याला सांगायचं होतं.

मग परत आत.

१७ मे

चौकशी. ताई त्याच्या डाव्या हाताला, मी मागे. पोलिसांचा वकील: "अधिकाऱ्याने विचारलं, तेव्हा तुम्ही उत्तर का दिलं नाही?"

किती वेळ गेला! सगळे त्याच्याकडे बघतायत. मनात म्हटलं, बोल रे. एरवी भाजीवाल्यापाशीही तासभर बोलायचास.

"तोंडात टॉर्च होता."

एवढंच. वकील खाली बसला.

२० जून

निकाल. गोळी झाडणाऱ्याची बंदूक काढून घेतली, कचेरीतल्या कामाला बसवलंय. नोकरी शाबूत. नणंदेने फोनवर आकाशपाताळ एक केलं. मलाही तेच करायचं होतं. हा म्हणाला, "झोपतो जरा."

८ जुलै

नदीपलीकडे काल पुन्हा पोलिसांची गोळी चालली. एका टेम्पोवाल्यावर. जगेल म्हणतात. त्याची बायको इस्पितळाच्या बाकावर एकटी बसून आहे. दुपारी ताईंचा फोन – गुरुवारच्या मंडळींपैकी कुणी तिच्याजवळ जाऊन बसेल का?

मला वाटलं, मलाच विचारतायत. "येते," म्हणाले. पर्स शोधून वळते तर हा बूट घालतोय. डाव्या हाताने, दातओठ खात.

"मी जातो."

"मी पण येते ना."

"नको. दोघं गेलो तर बिचारी आपली विचारपूस करत बसेल."

"अरे, पण काय बोलशील तिच्याशी?"

"काही नाही. ते येतं आता मला."

गेला!

८ जुलै, संध्याकाळ

अजून आला नाही. जेवण गार झालं. दोनदा गॅलरीत जाऊन रस्ता बघून आले. किती महिन्यांनी मी याच्या घरी येण्याची वाट बघतेय!

होऊ दे उशीर.