ललिताच्या स्वेटरवरचे पतंग

इंदिरानगर, नाशिक
९ फेब्रुवारी २००२

तीर्थस्वरूप सिंधूअक्कास समाधानचा साष्टांग नमस्कार (गुडघा धरलाय, म्हणून तूर्त कागदावरच). दाजींची कंबर कशी आहे? मी बरा आहे. ललिताला जाऊन दोन महिने झाले, तरी कुकरला दोघांचाच भात लावतो आणि उरलेला सकाळी फोडणी देऊन खातो.

तुझं पत्र वाचलं. दिवेलागणीला पांढरे ठिपकेवाले पतंग येतात, खुंटीवरच्या तिच्या जांभळ्या स्वेटरला चिकटून पंख फडफडवतात, म्हणून तू त्या स्वेटरला हळदकुंकू वाहिलंस! अक्के, कमाल करतेस. ललिता (भुताचं सोड, देवळातला देवही न मानणारी) पतंग होऊन दिंडोरीला कशाला येईल? आणि आलीच तर आधी तुझ्या हळदकुंकवाला हसेल.

खरं कारण ऐक. थोरल्या बहिणीला असलं लिहायला लाज वाटते, पण इलाज नाही. वांग्यातल्या अळीचाच पुढे पतंग होतो. त्यातली मादी शेपटीच्या टोकातून वास सोडते आणि त्या वासावर नर येतात. ललिता कॉलेजात बारा वर्षं हेच शोधत होती, की मादी हा वास शिकते कुणाकडून. तर कुणाकडूनच नाही. तो जनुकांतून, म्हणजे आईबापाच्या रक्तातूनच येतो. मग तिने मालेगावकडची मादी आणि पेठकडचा नर यांचं लग्न लावलं. त्यांच्या लेकीचा वास झाला भलताच. ना मालेगावचे नर फिरकले, ना पेठचे. आले ते फक्त तिच्यासारख्याच मिश्र घरातले. (ती पेठची, मी मालेगावचा. आमच्या लग्नाला दोन्हीकडचं मिळून तू एकटी आलीस, ते मी विसरलेलो नाही.)

त्या लेकींचा वास काढता काढता तो तिच्या स्वेटरात मुरला (खोलीत एसी, म्हणून बाराही महिने तोच अंगात). ती गेली आणि कॉलेजने खोली रिकामी मागितली, तेव्हा त्या मिश्र घरातल्या अळ्यांचे डबे मी घरी आणले. तेराव्याला तू तिचे कपडे नेलेस, ती रीतच आहे. पण सोबत ते डबेही नेलेस आणि ‘मुके जीव, तिच्या नावानं सुटू देत’ म्हणत स्वतःच्याच वांग्यांच्या वाफ्यात उघडलेस! धन्य तुझी. आता दाजी विचारतात, वांगी किडली कशी. तेव्हा स्वेटरवर येतात ते पतंग म्हणजे कुणाचा आत्माबित्मा नव्हे, तिच्याच डब्यांतल्यांची पोरंबाळं आहेत. विषय संपला.

दाजींना नमस्कार सांग.

तुझा भाऊ,
समाधान

ता. क. स्वेटर धुऊ नकोस. डांबराच्या गोळ्याही घालू नकोस. कुणी इकडे येणारं असेल त्याच्याबरोबर तसाच पाठव.

पुन्हा ता. क. नको, पाठवू नकोस. इथे इंदिरानगरात त्याच्यावर कोण येणार? रविवारी मीच येतो. तोवर दाजींना फवारणी करू देऊ नकोस, निदान वांग्यांची एक ओळ सोडा म्हणावं. दहाव्याला गंगेवर कावळा शिवत नव्हता, तेव्हा सगळे मला ‘काहीतरी बोल, तिची इच्छा पुरी करतो म्हण’ म्हणत होते आणि मी मेला शास्त्र सांगत उभा राहिलो. शेवटी दर्भाचा कावळा करावा लागला. मला बोलायचं होतं गं. आता स्वेटरसमोर बोलेन, तू तेवढी शेजारी बस. आणि ते हळदकुंकू राहू दे, पुसू नकोस.