अठ्ठेचाळीस फ्लॅटांची संक्रांत

१४ डिसेंबर, रविवार
सोसायटीची मीटिंग. विषय पाण्याच्या टाकीचा होता, पण घडलं भलतंच. सेक्रेटरी चांगदेव भोईर म्हणाले, यंदा संक्रांतीला ग्रुपवर एक छानसा मेसेज टाकू. मला राहवेना. उभा राहिलो. म्हणालो, दसऱ्याला फॉरवर्ड, दिवाळीला फॉरवर्ड, निदान तिळगुळाच्या सणाला तरी हाताने केलेलं काहीतरी माणसाच्या हातात पडू दे. टाळ्या. त्या थांबेनात म्हणून आणखी एक वाक्य बोललो. अठ्ठेचाळीस फ्लॅट, अठ्ठेचाळीस ग्रीटिंग कार्डं, मी स्वतः करणार.
घरी आल्यावर चपला काढताना दर्शना म्हणाली, अहो, तुम्हाला कार्डं करता येतात?
नवऱ्यातला कलाकार दिसायला बायकोला वेळ लागतो. आमच्या लग्नाला एकतीसच वर्षं झालीत.
गणित सोपं आहे. रोज दीड कार्ड. उरलेल्या वेळात पेटी शिकायला घेणार.

१६ डिसेंबर
फडके रोडवरून काळा कार्डपेपर आणला. संक्रांत म्हणजे काळा रंग. हे दुसऱ्या कोणाला सुचलं नसतं. दुकानदार म्हणाला, काका, यावर पेन उठणार नाही. मी नुसता हसलो.

१७ डिसेंबर
पेन उठत नाही.

२१ डिसेंबर, रविवार
पांढरी शाई मिळाली. नमुना तयार. वर पतंग, खाली खरे तीळ आणि हलव्याचे दाणे चिकटवलेले, मधे माझी चारोळी:
तीळ छोटा, गूळ मोठा,
प्रेमाला नसे तोटा,
वाढो सोसायटीत गोडी,
नको लिफ्टची खोडी.
दर्शनाने विचारलं, शेवटची ओळ कशाला? मी म्हणालो, सामाजिक भान. तिने पतंगाकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, शेपटीवरून उंदीर वाटला. दुर्लक्ष केलं.
मग हळूच म्हणाली, एक कार्ड ठाकुर्लीला भाऊजींना पाठवू या का?
विषय तिथेच बंद केला. शिवरामदादा माझा थोरला भाऊ, जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली. तीन वर्षांपूर्वी आमच्या ऐश्वर्याच्या लग्नात, पत्रिकेवर मी काढलेला गणपती बघून भर हॉलमध्ये म्हणाला, प्रफ्या, ही सोंड आहे की कान? व्याही हसले. तेव्हापासून आमचं बोलणं नाही. आम्ही राहतो त्या कोपरहून ठाकुर्ली लांब नाही. पण प्रश्न अंतराचा नाही, तत्त्वाचा आहे.

२४ डिसेंबर
अकरा कार्डं पूर्ण! गोंद संपला, म्हणून तीळ आणि हलवा गुळाच्या पाकाने चिकटवला. अस्सलपणा आला. वाळायला टेबलावर ओळीने मांडलीत.

२५ डिसेंबर
मुंग्या.
हलवा नेला, तीळ नेले, पाक चाटून नेला. चारोळी तेवढी ठेवली. दर्शनाने अकराच्या अकरा कार्डं केरात टाकली. एका अर्थी माझ्या कामाला मिळालेली ही पहिली दाद. जानेवारीपासून जोमाने सुरुवात.

३० डिसेंबर
कार्डं शून्य. मूड नाही, आणि मूडशिवाय काम करणं म्हणजे कारकुनी. ती मी चौतीस वर्षं केली.
लिफ्टमध्ये भोईर. काय मोंडकर साहेब, कुठवर आलं? मी म्हणालो, फिनिशिंग चालू आहे. पाचव्या मजल्यापासून तळापर्यंत ते माझ्याकडे कौतुकाने बघत होते. ही लिफ्ट फार हळू चालते.
उद्यापासून जिना. तब्येतीलाही चांगला.

२ जानेवारी
जिन्यात रखमाबाई बसलेल्या. भोईरांच्या आई, वय ऐंशीच्या पुढे. ही बिल्डिंग उभी राहिली त्या जागेवर पूर्वी त्यांचं शेत होतं. मला बघून म्हणाल्या, मना कोनी कवा कार्ड नाय धाडलं रं. माज्या कार्डावर पतंग मोठा काड, मना बारीक दिसत नाय.
काढतो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?
म्हणजे लिफ्टमध्ये भोईर, जिन्यात त्यांच्या आई. खाली उतरायला तिसरी वाट नाही. मॉर्निंग वॉक तूर्त बंद. दूध दर्शना आणेल.

५ जानेवारी, सोमवार
उपाय सापडला! इतका सोपा की आधी कसा सुचला नाही. उजव्या मनगटाला क्रेप बँडेज बांधलं आणि ग्रुपवर टाकलं: मनगट दुखावल्याने कार्डांचं काम जड जात आहे, अतिशय वाईट वाटतं. सुटलो. दुपारी छान झोप लागली.
संध्याकाळी भोईरांचा मेसेज. "हात दुखत असतानाही मोंडकर साहेब कार्डं पूर्ण करणार! याला म्हणतात जिद्द!" खाली एकेचाळीस नमस्कार.
जड जात आहे असं लिहायला नको होतं. जमणार नाही असं लिहायला हवं होतं. मराठी ही फार नाजूक भाषा आहे.

७ जानेवारी
दिवसभर विचारपूस. हळद-दूध दोनदा, कसलंतरी तेल, शहाडच्या एका हाड बसवणाऱ्याचा पत्ता. लोक असताना कात्रीला हात लावता येत नाही आणि लोक जात नाहीत. डाव्या हाताने जेवलो. आमटी शर्टवर.
दर्शना म्हणाली, स्वतःच्याच घरात स्वतःला कोंडून घेतलेला माणूस मी पहिल्यांदा बघतेय. सरळ जाऊन सांगा की होत नाही.
तिला नेतृत्वाचे ताण कळत नाहीत.

९ जानेवारी, शुक्रवार
सकाळी बेल वाजली. दारात शिवरामदादा, खांद्याला तीच शाळेतली शबनम. माझ्या उपक्रमाची बातमी ठाकुर्लीपर्यंत गेलेली दिसते. (काल दर्शना कोणाशीतरी चाळीस मिनिटं फोनवर बोलत होती, ते वेगळं.)
तीन वर्षांनी समोर आलेला. मी काय बोलावं याची तयारी करत होतो. त्याने टेबल बघितलं, मला बघितलं, बँडेज बघितलं. म्हणाला, कात्री कुठंय?
फरशीवर मांडी घालून बसला. दर्शना कागद कापतेय, तो ब्रशने पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी काढतोय. नुसते ठिपके, पण लांबून हलव्याचे दागिने दिसतात. माझे हात शिवशिवत होते, पण बँडेज! मार्गदर्शन केलं. अकराच्या सुमारास तो म्हणाला, प्रफ्या, जरा गप्प बसतोस का?
एक गोष्ट लक्षात आली. त्याचा हात थरथरतो. हे मला माहीत नव्हतं. ब्रश कागदाला टेकला की थांबतो, उचलला की पुन्हा सुरू. कधीपासून, हे विचारणार होतो. तेवढ्यात भोईर आले आणि मी कण्हायला लागलो.
संध्याकाळपर्यंत एकोणीस.

११ जानेवारी, रविवार
अठ्ठेचाळीस पूर्ण. रखमाबाईंच्या कार्डावर पानभर पतंग, लांबून ओळखू येतो. माझी चारोळी दादाने वाचली आणि म्हणाला, जागा कमी आहे. नुसतं "संक्रांतीच्या शुभेच्छा" लिहिलं.
मी पाकिटांना पाणी लावलं. डाव्या हाताने. सगळी.

१४ जानेवारी, बुधवार
संक्रांत. टेरेसवर कार्यक्रम. लोक कार्डं उलटसुलट करून बघत होते. कोणी फोटो काढत होतं, कोणी पोरांच्या हातातून हिसकावून घेत होतं. भोईर माइकवर म्हणाले, दुखऱ्या हाताने केलंय बरं का! टाळ्या. मी पट्टी बांधलेला हात वर केला.
माइक माझ्याकडे आला. समोर, अगदी मागच्या रांगेत, दादा रखमाबाईंच्या शेजारी उभा होता. त्या कार्ड डोळ्यांजवळ धरून पतंगावरून बोट फिरवत होत्या. सांगायचं ठरवलेलं. खरंच ठरवलेलं. तोंडातून आलं, हे सगळं टीमवर्क आहे. माझ्या नम्रतेला आणखी टाळ्या पडल्या.
दादाला स्टेशनपर्यंत सोडायला गेलो. पुलाजवळ तो थांबला. मग तो म्हणाला, शुक्रवारी उजवा हात दुखत होता. आज डावा दुखतोय.
बघितलं. खरंच पट्टी डाव्या हाताला होती. सकाळी घाईत.
म्हणाला, दुसऱ्या कोणाच्या लक्षात आलं नाही. मीही बोललो नाही.
मी म्हणालो, दादा, कार्डं तू केलीस हे मी सांगायला हवं होतं. तो म्हणाला, मग सांग की, आणि पुलाच्या पायऱ्या चढायला लागला. कठडा धरून, एकेक पायरी.

१५ जानेवारी, गुरुवार
सकाळी ९.१०. ग्रुपसाठी मेसेज लिहायला घेतला. चार परिच्छेद झाले. पार्श्वभूमी, काळ्या कागदाची अडचण, मुंग्या, कलाकाराची मानसिकता. दर्शनाला वाचून दाखवला. ती म्हणाली, छान आहे, खरं कुठे आहे?
९.५०. सगळं पुसलं. लिहिलं: "कार्डं माझ्या मोठ्या भावाने आणि दर्शनाने केली. मी एकही केलं नाही. माझ्या हाताला काहीही झालेलं नाही. माफ करा." पाठवलं. फोन उशीखाली ठेवला. सोसायटी सोडून कुठे राहायला जाता येईल याचा विचार केला. बदलापूर बरं पडेल.
११.३०. फोन काढला. एकोणचाळीस जणांनी वाचलेलं. कोणी रागावलं नव्हतं. कोणाला धक्काही बसला नव्हता. फक्त भोईरांचं उत्तर: "ओके. रथसप्तमीला महिला मंडळाचं हळदीकुंकू आहे. कार्डं दादांकडूनच करून घेऊ. नंबर द्या."
दिला.
दुपारी दादाचा फोन. म्हणाला, साठ कार्डं सांगितलीत त्यांनी, रंग कालवून द्यायला माणूस लागेल. शनिवारी येतोस?
मी म्हणालो, बघतो, विचार करून सांगतो.
आणि तो फोन ठेवायच्या आत विचारलं, किती वाजता येऊ?