एका अंजिराची पाच तोंडं

तीर्थस्वरूप आत्यास ढब्बूचा साष्टांग नमस्कार. (नुसता लिहायचा म्हणून नाही हं. टेबलाखाली गेलेलं बाटलीचं झाकण शोधताना खरोखरच आडवा झालो होतो, तेव्हाच तुझी आठवण काढून घेतली.) तुझे गुडघे काय म्हणतात? खोकला गेला का? मी ठीक आहे, फक्त डोकं ठिकाणावर नाही. काल चहा समजून किडे धुतलेलं पाणी तोंडाला लावणार होतो. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी हात धरला म्हणून वाचलो. किडेही वाचले.

तुझ्या अंगणातल्या झाडाची अंजिरं मी पिशवीभर आणली, ती सूत्रकृमी शोधायला. (सूत्रकृमी म्हणजे दोऱ्याच्या तुकड्यासारखे, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे किडे. दिसत नाहीत तर आहेत कशावरून, असं तू विचारलं होतंस, आणि मला अजून धड उत्तर सुचलेलं नाही.) अंजीर चिरून पाण्यात ठेवलं की ते आपणहून बाहेर येतात. मग एकेकाचं तोंड बघायचं आणि प्रजाती ठरवायची, ही आमच्याकडची रीत. कुणाचं तोंड चिंचोळं, कुणाचं रुंद, कुणाला हे एवढाले दात! पाच तऱ्हांची तोंडं निघाली. मी पाच बश्या मांडल्या आणि पाच नव्या प्रजाती सापडल्या म्हणून नाचलो. चिंचोळ्या, सोज्वळ तोंडाच्या किड्याला तुझं नाव द्यायचं ठरलं. आणि दुसऱ्या किड्यांना मटकावणाऱ्या त्या जबडेवाल्याला शेजारीणबाईंचं, ही कल्पना तुझी. (मी नको म्हणणार होतो, पण तू बोलू देशील तर ना!) गाडीवर पिकली अंजिरं पडतात म्हणून झाड तोडावं असा त्यांनी नगरपालिकेत अर्ज दिला होता, त्याचा तुला राग. पण किड्याला आपलं नाव म्हटल्यावर शेजारीणबाई चिडायच्या सोडून हरखल्या की गं! जबड्याचं चित्र मागून घेऊन बैठकीत लावलं, अर्ज मागे घेतला, आणि आता गाडीवर निमूट ताडपत्री घालतात. करायला गेलो एक आणि झालं भलतंच, पण भलं झालं.

इथून माझं डोकं फिरायला लागलं. तुझ्या बशीतल्या एका मादीची अंडी मी वेगळी वाढवली. पिल्लांना खायला दुसरे किडे दिले, तर ती मोठी झाली शेजारीणबाईंचा जबडा घेऊन! वाटलं, बश्या बदलल्या. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मग शेजारीणबाईंच्या पिल्लांना नुसते जिवाणू चारले, तर ती सगळी तुझ्यासारखी सोज्वळ. आता चिठ्ठी कुठल्या बशीवर कुणाची चिकटवू? परवा एका पिल्लाला मी चक्क आत्या म्हणून हाक मारली. शेवटी आमच्या प्रमुख बाईंनी पाचही बश्यांतली जनुकं तपासायला लावली. सगळी एकच. अगं, जसं खाणं तसं तोंड, घराणं मात्र एक. म्हणजे आत्या, कागदोपत्री तू आणि शेजारीणबाई एकच निघालात. हसावं की रडावं, मला कळत नाही. बाई म्हणतात, पाच नव्या प्रजातींपेक्षा हा शोध मोठा आहे. असेल बापडा. पण प्रजाती एक म्हणजे नावही एकच, आणि हे किडे अजून तरी तुझ्या झाडाशिवाय कुठे सापडलेले नाहीत. झाड गेलं तर किडे गेले, आणि किडे गेले की माझं कामही गेलं. कामाचं सोड, दुसरं शोधीन. पण त्या मेल्यांवर माझा जीव जडलाय गं.

बाकी सर्व क्षेम. गुडघ्यांना जप, जिना हळू उतर.

तुझा लाडका (अजून असलो तर) भाचा,
ढब्बू

ता.क. मूळ मुद्दा राहूनच गेला. नाव शेजारीणबाईंना जाऊ दे ना! तुझं लागलं तर त्या त्याच दिवशी ताडपत्री काढतील आणि नगरपालिका गाठतील. तू रुसलीस तर फार तर माझ्याशी बोलणार नाहीस. सावकाश विचार करून परवानगी कळव, घाई अजिबात नाही.

आणखी ता.क. शेजारीणबाईंचं नाव कालच छापायला कळवून टाकलं. तेव्हा परवानगीवर परवाची तारीख घाल. आणि राग माझ्यावर काढ, झाडावर नको.