पत्रकातून कापलेली ओळ

३ जून, अंबरनाथ पश्चिम
संशोधनाचं माहिती-संमतीपत्रक संपवलं. उल्हासनगरच्या हॉस्पिटलात डॉ. रेश्मा शोधतेय, गरोदरपणी बीपी का चढतं, आईच्या प्रतिकारशक्तीचं आणि वारेचं कुठे बिनसतं. तपासायला बाळंतपणानंतर पडणारी वार, म्हणजे प्लॅसेंटा, हवी. मराठी मजकूर माझा. एका पानाची अट. तीन ओळी जास्त, कापल्या. साडेपाचला दिलं. वेळेत.
भाची प्राची पुन्हा गरोदर, तीही सही करणार. पहिलं मूल बीपीनेच पोटात गेलं. "मावशी, का ते तरी कळू दे."

१९ जून
पत्रक छापून आलं, प्राचीने सही केली. तिच्या पायांवर सूज. सासूने, जनाबाईंनी, मीठ नको म्हणून पापड-लोणच्याच्या बरण्या माळ्यावर टाकल्या. बाई कडक, पण जीव आहे सुनेवर.

११ जुलै
बीपी भडकलं. सिझर, पाच आठवडे आधी. मुलगी, काचेच्या पेटीत. प्राची ठीक. हुश्श.
दुपारी रेश्माचा फोन. तिचा सहायक बर्फाचा डबा घेऊन उभा, वार गायब. जनाबाईंनी मागितली, सिस्टरने देऊन टाकली. बाईंनी रिक्षाने बदलापूर गावात घरी नेऊन पुरलीसुद्धा!
डोकं भणभणलं. सुनेच्या सहीला काही किंमत? रेश्मापाशी फोनवर जनाबाईंबद्दल नको ते बोलले.

१२ जुलै
बदलापूर गाव. भांडायलाच गेले. परसात शेवग्याखाली ताजी माती, वर दगड, हळद.
"एका शब्दाने विचारायचंत!"
"तुमच्याच कागदावर लिवलाय ना, वार दवाखान्यात जमा करावी? वाचलाय मी. पयल्या टायमाला पोर गेला, वार कचऱ्यात गेली. तवा कोनी इचारला?"
"अहो, अख्खी नको होती. नखाएवढा तुकडा. बाकीची परत देतात."
"ह्ये कुठं लिवलाय?"
मी कापलेली पहिली ओळ. तीच.

१४ जुलै
रेश्मा म्हणते, "छापून झालंय, ताई. शब्द बदलायचा तर हॉस्पिटलच्या नीतिसमितीची मंजुरी. बघू पुढच्या वेळी." कसली पुढची वेळ? वॉर्डात सुजल्या पायांच्या चौघी आहेत. त्यांच्या सासवांनाही वाचता येतं.
संतापून तिला बोलले. कात्री माझ्याच हातात होती. तीस वर्षं हेच केलं, जागेत बसवलं आणि वेळेत दिलं. शाबास.
ओळ लिहून समितीकडे पाठवली. उत्तर नाही.

१५ जुलै
काचेपाशी तिघी. बाळाने मूठ उघडली, मिटली. प्राची म्हणाली, "मावशी, आता वारेवरून कळेल ना, काय झालं होतं ते?"
तिला कुणीच सांगितलेलं नाही.
जनाबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे.