बनुबाईंच्या नावाचे लेबल का काढले, याचा खुलासा

प्रति,
मा. कर अधिकारी,
आपले कार्यालय, जि. अहिल्यानगर

विषय: तांदळाच्या पिशवीवरील लेबल काढून कर चुकवल्याच्या आरोपाबाबत.
संदर्भ: आपली नोटीस, आणि आपला तोंडी सल्ला (ज्याची आपल्याकडे नोंद नसावी).

महोदय,

मी पंकजा वैजनाथ बांबळे, राहणार हिरडेवाडी, ता. अकोले. आमची भात सडायची छोटी गिरणी आहे. माझ्या सासूबाई बनुबाई बांबळे यांनी, सगळी वाडी हायब्रीडमागे धावत असताना, वासाच्या काळभाताचे बियाणे एकटीने जपले. पुढे तेच बियाणे वाडीतल्या बायकांनी मागून नेले. त्यांचाही भात आम्ही रोख घेऊन सडतो आणि 'बनुबाईंचा काळभात' असे छापून किलोच्या पिशव्यांत विकतो. पुण्याचा दुकानदार जीएसटी क्रमांकाशिवाय माल घेईना, म्हणून आपल्याकडे नोंदणी केली. आमच्या व आपल्या ओळखीचे कारण एवढेच.

२०२२ च्या पावसाळ्यात नियम बदलला. तोवर नोंदवलेल्या ब्रँडलाच कर होता. आता लेबल लावलेल्या लहान पिशवीलाही लागला. दुकानदार म्हणाला, कर तुम्ही सोसा. काय करावे हे विचारायला मी आपल्याकडे आले. आपण मोबाईलवरून मान वर न करता म्हणालात, "लेबल काढा. कर गेला." इतका सोपा न्याय मी पहिल्यांदाच पाहिला.

लेबल काढले. मग कळले की लेबलाशिवाय लहान पिशवी विकता येत नाही. ते पाहणारे खाते वेगळे आहे आणि आपल्या दोन खात्यांची बोलाचाल नसावी. राहिली मोठी गोणी, जिला ना लेबल लागते ना कर. गोणी घेणारा व्यापारी एकच, आणि बिननावाच्या तांदळाचा भाव तोच सांगणार. बायकांच्या हाती पूर्वीच्या निम्मेही येईना. दोघींनी पुन्हा हायब्रीड पेरले. शासनाच्या तिजोरीत आमच्या गोणीतून काय पडले हे आपण जाणता: काही नाही.

गेल्याच्या गेल्या दिवाळीत सासूबाई अहिल्यानगरजवळ नागापूरला माझ्या नणंदेकडे, सविताकडे गेल्या. सविताने बाजारातून आणलेला तांदूळ रांधला. वाफेला ओळखीचा वास येताच सासूबाई उठून चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी, गेल्या आणि पिशवी मागितली. पिशवीवर नऊवारीतल्या हसऱ्या म्हातारीचे चित्र होते आणि खाली आमची गोणी घेणाऱ्या व्यापाऱ्याचे नाव. त्या बराच वेळ चित्र पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "ही बाई कोन? हिला आपल्या वावरात म्या कधी पाह्यली न्हाई." त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. सविताने मला फोनवर हे सांगितले तेव्हा ती रडत होती.

त्यानंतर आम्ही दोघी आपल्याकडे आलो. आपल्या समोरची खुर्ची रिकामी होती. बसा म्हणण्याचा नियम बहुधा अजून निघालेला नाही. आपण सासूबाईंना समजावलेत, "आजी, तांदूळ तोच, चव तीच. नावाने काय पोट भरतं?" त्यांनी आपल्या टेबलावरच्या पितळी पाटीकडे बोट केले आणि त्यावर काय लिहिले आहे ते मला विचारले. मी आपले नाव, पदवी व हुद्दा वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "मंग हे कशाला लावलंय?" यावर आपण शिपायाला बोलावलेत. आपल्याकडून मिळालेले एवढेच उत्तर आम्ही जपून ठेवले आहे.

घरी येऊन सासूबाईंनी बायकांना ओट्यावर बसवले. कर भरू, पण आपल्या नावाने विकू, असे त्या म्हणाल्या. ज्या दोघींनी हायब्रीड पेरले होते त्यांनाही बियाणे दिले. भात निघाल्यावर व्यापाऱ्याचा टेम्पो वाडीत आला आणि रिकामा परत गेला. पिशव्यांवर लेबल पुन्हा लागले. पुण्याच्या दुकानदाराने कुरकुर करून माल घेतला. कर आम्ही भरत आहोत, तक्रार नाही.

आणि आता आपली नोटीस आली आहे. मधल्या काळात करपात्र विक्री एकाएकी शून्य झाली, यात आपल्याला करचुकवेगिरीचा हेतू दिसला. स्वतःचाच सल्ला इतक्या बारकाईने पकडणारा अधिकारी जिल्ह्याला लाभला, याबद्दल अभिनंदन.

नोटिशीत बनुबाईंना समक्ष हजर राहण्यास सांगितले आहे. त्या येणार नाहीत. एकदा आल्या होत्या. चौकशीस आपण हिरडेवाडीस यावे. इथे आल्या माणसाला बसायला देतात.

राहिले आपले दोन प्रश्न. लेबल का काढले? आपण सांगितलेत म्हणून. ते परत का लावले? बनुबाईंनी सांगितले म्हणून. दोघांपैकी कोणाचे ऐकायचे, हे आता आमच्या वाडीत ठरले आहे.

कायद्याला लागते तेवढी नम्र,

पंकजा वैजनाथ बांबळे
बनुबाई बांबळे (डाव्या हाताचा अंगठा)

हिरडेवाडी, दि. १२ जानेवारी २०२६

सोबत: १) नोटिशीची प्रत. २) कर भरल्याच्या पावत्या. ३) नवे लेबल, एक. तांदूळ जोडलेला नाही.